जरीचे फौजी बिल्ले: जुने कोणते, नवे कोणते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्वाल्हेरात जुन्या वाड्यातली पेटी उघडली की एखादा जरीचा बिल्ला, कॉलरची पट्टी नाहीतर खांद्यावरची निशाणी हमखास निघते. शिंद्यांची फौज इथली, मुरारची छावणी इथली, शिवाय दोन महायुद्धांवर गेलेली माणसं. अस्सल माल होता तसा नकलांचाही सुकाळ आहे. लोक जे प्रश्न सतत पाठवतात ते इथं एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जिथं एकाचा दुसऱ्याशी संबंध येतो तिथं प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हातानं भरलेलं काम आणि मशीनचं काम कसं ओळखायचं?

आधी बिल्ला उलटा करा. मशीनच्या कामात मागून बॉबिनचा एकच बारीक धागा, बहुतेक पांढरा, एकसारख्या टाक्यांत दिसतो. हाताच्या कामात मागं पसारा असतो: गाठी, एका पाकळीवरून दुसरीकडे नेलेले आडवे धागे, कुठं जास्तीचे टाके.

पुढून बघायचं तर दबका शोधा. दबका म्हणजे तारेची स्प्रिंगसारखी बारीक नळी. कारागीर तिचे कात्रीनं तुकडे करतो आणि मणी ओवावा तसा एकेक तुकडा सुईत ओवून टाकतो. तारेच्या नळ्या अशा ओवणं भरतकामाच्या मशीनला जमत नाही. तुकड्यांची लांबी अगदी किंचित कमीजास्त असते, आणि वळणावर एखादा तुकडा थोडा उघडून आतला धागा दिसतो. सराफाकडचं दहापट भिंग यासाठी पुरतं.

२. हातानं भरलेला आहे हे नक्की झालं. म्हणजे जुनाच ना?

नाही. सगळ्यात जास्त पैसे याच समजुतीपायी बुडतात, म्हणून जरा सविस्तर.

युरोपात हे काम करणारे हात फार थोडे उरले. तिथल्या संग्राहकांच्या जुन्या सल्ल्यात 'हाताचं काम' हा वयाचा पुरावा धरला जायचा, आणि तो सल्ला आपल्याकडे तसाच्या तसा फिरतो. आपल्याकडे जरदोजी, म्हणजे धातूच्या तारेचं हे भरतकाम, कधी थांबलीच नाही. बनारसला आजही फौजी बिल्ले कारचोबावर (लाकडी चौकटीवर) ताणून, त्याच आरीनं (आकडीच्या सुईनं) आणि साध्या सुईनं भरले जातात आणि देशोदेशीच्या पलटणींना जातात. सीमेपलीकडे सियालकोटला हाच धंदा मोठा आहे. १९३० साली जो हात खरा बिल्ला भरत होता, त्याचाच नातू आज तोच नमुना भरू शकतो, आणि त्यात लबाडी काहीच नाही. त्याला ऑर्डर मिळाली, त्यानं काम केलं. लबाडी नंतर होते, तो बिल्ला 'सौ साल पुराना है साहब' म्हणून विकला जातो तेव्हा.

म्हणून हाताचं काम हा फक्त पहिला दरवाजा. वय ठरतं ते सामानावरून (प्रश्न ३, ४, ७), नमुन्यावरून (प्रश्न ९, १०) आणि ती वस्तू कुठून कुठं आली यावरून (प्रश्न १४). यातल्या एकाच गोष्टीवर मी कधी होकार देत नाही.

३. मागची बाजू बघा असं सगळे सांगतात. पण मागं नेमकं काय बघायचं?

मागचं अस्तर, भर आणि चिकट.

जुन्या कामात मागं जाडंभरडं सुती कापड किंवा लिनन असतं, आणि त्यावर बरेचदा खळ लावून कागद चिकटवलेला असतो. ही खळ वर्षानुवर्षांनी पिवळट-तपकिरी होते, ठिसूळ होते, आणि कसरीला ती फार आवडते. कागदाच्या कडा कुरतडलेल्या दिसल्या तर वाईट वाटून घेऊ नका, उलट ती चांगली खूण आहे. नव्या कामात मागं इस्त्रीनं चिकटणारं न विणलेलं अस्तर, प्लास्टिकची पातळ फिल्म किंवा काचेसारखा चमकणारा सरस सापडतो.

भर म्हणजे नक्षीला उठाव देण्यासाठी आत घातलेलं सामान. पूर्वी सुती दोऱ्याच्या लडी, नमदा (दाबलेली लोकर) किंवा पुठ्ठा वापरत. आज फोम दिसला की पुढं बघायची गरज नाही. फोम दिसणार कसा? एखादी तार सुटलेली असते तिथं सुईच्या टोकानं अलगद बाजूला करा आणि भिंगातून पाहा. उचकटू नका.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात: उसवल्याच्या खुणा. बिल्ला कधीतरी कोटावर शिवलेला असेल तर कडेनं सुईची भोकं असतात, त्यात जुन्या दोऱ्याचे तुकडे अडकलेले असतात आणि भोकांभोवती कापडाचा रंग थोडा वेगळा असतो. भोकं आहेत पण रंग सगळीकडे एकच, तर ती परवा पाडलेली असू शकतात. भोकंच नाहीत तर बिल्ला न वापरलेला असेल. तसे शिल्लक राहिलेले बिल्ले खरोखर असतात, फक्त त्यांच्यावर मग वापराची झीज दिसायला नको.

४. जर सोन्याची की तांब्याची? सराफाकडे नेऊ का?

न्यायला हरकत नाही, पण कसोटीवर घासू देऊ नका आणि तेजाब लावू देऊ नका. आता बऱ्याच सराफांकडे क्ष-किरणांवर चालणारं तपासणी यंत्र असतं. त्यात वस्तूला धक्का न लावता चांदी, तांबं, सोनं यांचं प्रमाण कळतं.

उत्तर मात्र जपून वाचा. चांगल्या जुन्या जरीत चांदीच्या तारेवर सोन्याचा पातळ मुलामा असतो. तांब्याच्या तारेवर चांदी चढवलेली जरही काही आजची नाही. स्वस्त कामासाठी ती पूर्वीही वापरली जायची. शिपायाच्या बिल्ल्यात तांबं निघालं म्हणून तो नकली ठरत नाही, आणि चांदी निघाली म्हणून अस्सल ठरत नाही. जुन्या शालूची जर उसवून नव्या बिल्ल्यात घालणं काही अवघड नाही.

तारेपेक्षा मला तिच्या आतला गाभा जास्त बोलका वाटतो. कलाबतू म्हणजे चपटी तार धाग्यावर गुंडाळलेली. जुन्या कलाबतूत आत रेशीम किंवा सूत असतं. पॉलिएस्टर असेल तर काम अलीकडचं (प्रश्न ८). आणि धातूऐवजी चमकीची प्लास्टिक पट्टी असेल, तर तसा धागा १९४६ नंतरच बाजारात आला. पहिल्या महायुद्धाच्या बिल्ल्यात तो असायचं कारणच नाही.

५. जर काळी पडली आहे. म्हणजे जुनी असणार?

चांदीला गंधकाची हवा लागली की ती काळी पडते. त्याला शंभर वर्षं लागत नाहीत. लोकरीच्या कापडात, रबरबँडखाली किंवा हलक्या पुठ्ठ्याच्या डब्यात ती दोनचार पावसाळ्यांतही काळवंडते. काळेपणा कुठं आहे ते बघा. खऱ्या वापरात उंच भागावरचा मुलामा आधी झिजतो, आतली चांदी उघडी पडते आणि तिथं काळं येतं; खोबणीत सोनं टिकून राहतं. तांब्याची तार असेल तर हिरवट थर येतो. वरखाली सगळीकडे सारखाच काळा असेल तर मनात शंका धरा.

६. चहात बुडवून जुनं करतात म्हणे. ते ओळखता येतं?

बहुतेक वेळा येतं. चहा, कॉफी, पोटॅशियम परमँगनेट, बुटाचं पॉलिश, सगळं वापरतात. बुडवलेल्या वस्तूला पुढून-मागून एकच रंग येतो. खरी जुनी वस्तू उन्हानं पुढून फिकी होते आणि मागून, किंवा कॉलरच्या घडीखाली, मूळ रंग राखून असते. लाल किंवा गडद निळ्या बनातीवर (गणवेशाच्या जाड लोकरी कापडावर) हा फरक फार स्पष्ट दिसतो. डाग एखाद्या नकाशातल्या किनाऱ्यासारखा कडेला गडद होऊन थांबला असेल, तर तिथं ओलं कापड वाळलं आहे.

नाकही वापरा. जुन्या पेटीतल्या वस्तूला धुळीचा, कापूर-डांबरगोळ्यांचा वास असतो. पॉलिशचा वास लपत नाही.

७. अतिनील टॉर्चखाली चमकला तर नकली, हे खरं का?

अर्धं खरं. कपडे पांढरे दिसावेत म्हणून वापरतात ती चमक देणारी रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतर धाग्यांत आणि साबणांत सर्रास आली. अंधारात ३६५ नॅनोमीटरच्या टॉर्चखाली ती निळसर-पांढरी पेटून उठतात. अस्तर, शिवणाचा दोरा किंवा मागचा कागद असा पेटला तर सावध व्हा.

पण आपल्या घरांत टिनोपाल किती वर्षं वापरलं गेलं ते आठवा. आजोबांचा कोट आजीनं टिनोपालच्या पाण्यातून काढला असेल तर खरा बिल्लाही चमकेल. अशा वेळी चमक पुढच्या कापडावर सारखी पसरलेली असते, आणि बिल्ल्याखाली दडलेल्या भरात ती कमी किंवा नसते. नुसता एक दोरा चमकत असेल तर बिल्ला नंतर पुन्हा शिवलेला असू शकतो. उलट बाजूही लक्षात ठेवा: चमकला नाही म्हणून जुना ठरत नाही. असं रसायन नसलेलं सुती कापड आजही मिळतं.

८. धागा जाळून बघण्याची पद्धत सुरक्षित आहे का?

मागच्या बाजूला आधीच सुटलेला धागा असेल तरच, आणि तोही मिलिमीटरभर, चिमट्यात धरून, बिल्ल्यापासून दूर. लोकर आणि रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख चिमटीत चुरडते. सुताला कागद जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक काळा मणी होतो. पॉलिएस्टरचा शोध १९४१ चा आणि बाजारातला वापर १९५० च्या दशकापासूनचा, त्यामुळं हा मणी मिळाला की संस्थानी काळ संपला. फक्त तो धागा दुरुस्तीचा नाही ना, हे बघा. सुटा धागा नसेल तर कापून काढू नका. टॉर्च आणि भिंग पुरे.

९. मुकुटाच्या आकारावरून काळ सांगता येतो का?

येतो, आणि विक्रेत्यांची सर्वात जास्त फजिती इथंच होते.

१९०१ ते १९५२ या ब्रिटिश राजांच्या काळात मुकुटाच्या कमानी गोल, वर फुगलेल्या असतात. राणी एलिझाबेथच्या काळात, १९५३ च्या सुमारास, जो मुकुट आला त्याच्या कमानी मध्यभागी खाली दबलेल्या आहेत. भारत २६ जानेवारी १९५० ला प्रजासत्ताक झाला आणि मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. म्हणजे भारतीय पलटणीच्या बिल्ल्यावर एलिझाबेथचा मुकुट असणं शक्य नाही. तरी असे बिल्ले 'ब्रिटिश जमान्याचे' म्हणून येत राहतात. नकलाकारासमोर इंग्लंडचा नंतरचा नमुना असतो आणि तो प्रामाणिकपणे तोच भरतो.

अपवाद मात्र चार आहेत आणि चारही नीट समजून घ्या. पहिला, व्हिक्टोरिया राणीच्या मुकुटाच्या कमानीही दबलेल्या असत, म्हणून १९०१ पूर्वीचा बिल्ला घाईत एलिझाबेथचा समजला जातो. तिथं सामान आणि कापड बघूनच निर्णय घ्या. दुसरा, गुरखा पलटणी. फाळणीनंतर २, ६, ७ आणि १० या चार रेजिमेंट ब्रिटिश सैन्यात गेल्या, त्यांच्यावर राणीचा मुकुट रास्तच आहे. तिसरा, पाकिस्तान २३ मार्च १९५६ पर्यंत डोमिनियन, म्हणजे ब्रिटिश राजा-राणीलाच प्रमुख मानणारा देश होता. १९५० चा हिशोब तिथल्या बिल्ल्यांना लावू नका. चौथा अगदी ताजा: चार्ल्स राजानं २०२२ मध्ये पुन्हा गोल कमानींचा मुकुट निवडला. त्यामुळं गोल मुकुटाचे कोरे करकरीत ब्रिटिश बिल्ले आता हातानं भरले जात आहेत, आणि दहा वर्षांनी ते कोणीतरी १९४० चे म्हणून विकेल.

हाताच्या कामात मुकुट जरा वाकडातिकडा येणारच. इंचभराच्या मुकुटात कमान दबलेली आहे की कारागिराचा दबका आखूड पडला, हे दोन-तीन बिल्ले शेजारी ठेवल्याशिवाय ठरवू नका.

१०. शिंदे सरकारच्या फौजेचा बिल्ला आहे असं सांगतात. त्यावर काय तपासू?

सूर्य आणि नाग ही शिंद्यांची खूण, आणि 'आलीजाह बहादुर' हा किताब. एवढं नकलाकारालाही माहीत असतं. म्हणून चिन्हापेक्षा नाव आणि काळ जुळतात का ते बघा.

'इम्पीरियल सर्व्हिस' हे नाव संस्थानांनी इंग्रज सरकारच्या मदतीसाठी तुकड्या ठेवायच्या, या १८८० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या योजनेतलं. ग्वाल्हेरच्या वाहतूक तुकडीनं चित्रालची १८९५ ची आणि तिराहची १८९७ ची मोहीम याच नावाखाली केली. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला फौजांची पुनर्रचना झाली आणि 'इंडियन स्टेट्स फोर्सेस' हे नाव आलं. घोडदळात जयाजी लान्सर्स, आलीजाह लान्सर्स, महाराजा माधवराव शिंदेंच्या नावाचे लान्सर्स. २८ मे १९४८ ला ग्वाल्हेर-इंदूरसारखी संस्थानं मिळून मध्यभारत हे राज्य झालं आणि पुढं संस्थानी पलटणी भारतीय लष्करात मिसळल्या: ग्वाल्हेरचं पायदळ कुमाऊँ रेजिमेंटची १४ वी बटालियन झालं, इंदूरचं १५ वी. त्यामुळं 'ग्वाल्हेर' लिहिलेल्या बिल्ल्यावर अशोकसिंह दिसले तर लगेच हसू नका. विलीनीकरणानंतरही जुनं नाव कंसात जपलं गेलं. पण 'इम्पीरियल सर्व्हिस' आणि अशोकसिंह एकत्र दिसले तर मनसोक्त हसा.

नाग बघताना फण्याकडे लक्ष द्या. ज्यानं मूळ बिल्ला समोर ठेवून भरलं त्याचा फणा उठावाचा असतो: आत भर, वर दबका तिरका टाकलेला, म्हणजे प्रकाश फिरला की खवले हलल्यासारखे वाटतात. ज्यानं फोटोवरून भरलं त्याचा फणा सपाट असतो आणि टाके सगळे एका दिशेनं जातात. फोटोत दिशा दिसते, उंची दिसत नाही.

११. पलटणीच्या नावावरून काही कळतं का?

बरंच. आपल्या मराठा पलटणींचंच उदाहरण घ्या. १९२२ पूर्वी १०३, १०५, ११० असे मोठे आकडे होते. १९२२ ते १९४५ '५ वी महरट्टा लाइट इन्फन्ट्री', नंतर आकडा गेला. इंग्रजी स्पेलिंगमध्ये पूर्वी 'आर'च्या आधी 'एच' आणि पुढं दोन 'टी' होते. स्वातंत्र्यानंतर आजचं सुटसुटीत स्पेलिंग आलं. नव्या स्पेलिंगवर राजाचा मुकुट असेल तर बिल्ला भरणाऱ्यानं इंटरनेट उघडं ठेवून काम केलं आहे.

पदाच्या निशाण्यांनाही हेच. भारतीय अधिकाऱ्याच्या खांद्यावर आज पाच टोकांचा तारा आहे. ब्रिटिश काळात त्या जागी चौकोनी, 'ऑर्डर ऑफ द बाथ' या ब्रिटिश सन्मानाचा तारा असे.

१२. बिल्ला मशीनचा आहे. मग फेकून देऊ?

अजिबात नको. भरतकामाची मोठी यंत्रं युरोपात १८६० च्या दशकापासून आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या डिव्हिजनच्या खुणा मशीनवर भरलेल्या, छापलेल्या, बनातीचे तुकडे जोडलेल्या, सगळ्या प्रकारच्या आहेत. चौथ्या डिव्हिजनचा लाल गरुड किंवा सतराव्याचं काळं मांजर बाजारातल्या शिंप्यानं जसं जमेल तसं केलेलंही असतं. ओबडधोबड म्हणून नकली, असा निष्कर्ष इथं उलटा पडतो.

१३. जरीचा मोठा, देखणा बिल्ला, मागं तीन पिना. हा गणवेशाचा आहे का?

बहुधा ब्लेझरचा. निवृत्त अधिकारी पलटणीचा बिल्ला ब्लेझरच्या खिशावर लावतात, आणि धुण्यासाठी काढता यावा म्हणून मागं पिना असतात. तो खोटा नव्हे, पण गणवेशाचा म्हणून किंमत देऊ नका.

१४. आजोबांचा बिल्ला आहे, कागद काही नाही. पुरावा कसा धरायचा?

घरात शोधा. गणवेशातला फोटो, पेन्शनचं पुस्तक, पलटणीचं पत्र, अगदी लग्नाच्या फोटोत मागं उभे असलेले कोणी. फोटोत बिल्ला कुठल्या जागी आहे, नाग कुठल्या दिशेला बघतो, कॉलरवर एक की जोडी, हे भिंगातून पाहा. फोटो आणि बिल्ला जुळला तर सराफाच्या यंत्रापेक्षा मी त्यावर जास्त भरवसा ठेवीन. जे नातेवाईक हयात आहेत त्यांच्याकडून माहिती आजच लिहून, तारीख घालून, सही घेऊन ठेवा.

विक्रेत्यानं तोंडी सांगितलेली घराण्याची कथा मात्र शून्य धरा. कथेला पैसे पडत नाहीत. शिंप्याच्या जुन्या लेबलाचंही तसंच. लेबल उसवून दुसरीकडे शिवायला पाच मिनिटं लागतात.

१५. दोन खांद्यांच्या निशाण्या तंतोतंत सारख्या नाहीत. जोडी फुटलेली आहे का?

हाताच्या कामात थोडा फरक असणारच. डावी-उजवी आरशासारखी असावी, सामान एक असावं, झीज साधारण एकसारखी. पट्टा किंवा बंदूक ज्या खांद्यावर असे तो खांदा जास्त झिजतो, हा फरक मला आवडतो. मात्र एकीत रेशीम आणि दुसरीत पॉलिएस्टर असेल तर एक नंतरची.

१६. कोटावर शिवलेला बिल्ला तपासायला काढू का?

नको. मूळ टाक्यांसकट कोट हाच सर्वात मोठा पुरावा. कोटाच्या आतल्या बाजूनं टाके बघा, टॉर्च लावा, आणि कडेची सावली तपासा: बिल्ल्याभोवतीचं कापड फिकं आणि त्याच्या कडेखाली गडद असेल तर तो तिथं बराच काळ होता.

१७. साफ कसा करायचा, ठेवायचा कसा?

साफ करू नका. लिंबू, चिंच, पितांबरी, टूथपेस्ट, चांदी चकचकीत करणारं द्रावण, यातलं काहीही जरीला लावलं की मुलामा जातो आणि पाणी भरात मुरून आतून गंज चढतो. मऊ कोरड्या ब्रशनं धूळ काढा, बस.

आम्लरहित कागदात, सपाट ठेवा. वर्तमानपत्र, रबर आणि थेट डांबरगोळी टाळा. बनातीला कसर लागली असेल तर हवाबंद पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा, आणि बाहेर काढल्यावर पूर्ण सामान्य तापमानाला आल्याशिवाय पिशवी उघडू नका.

१८. असा बिल्ला लावून कार्यक्रमाला जाता येईल का? परदेशातल्या संग्राहकाला पाठवता येईल का?

संग्रह करण्याला मनाई नाही. पण आपण सैनिक आहोत असं लोकांना वाटावं या हेतूनं सैन्याचा पोशाख किंवा खूण धारण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ नुसार गुन्हा आहे. जयंतीच्या मिरवणुकीत उत्साहानं आजच्या लष्कराच्या निशाण्या लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

परदेशी पाठवण्याचं म्हणाल तर १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. गंमत अशी की 'सौ साल पुराना' म्हणून छातीठोक सांगणारा विक्रेता कुरिअरची पावती करताना त्याच वस्तूला 'नवीन हस्तकला' म्हणतो. दोन्हीपैकी एक विधान खरं असतंच.

१९. फोटोवरून सांगाल का?

'नवा आहे' हे फोटोवरून सांगता येतं, 'जुना आहे' हे हातात घेतल्याशिवाय नाही. पाठवायचेच असतील तर पुढून, मागून, कडेनं तिरक्या उजेडात, आणि एक शेजारी पट्टी ठेवून. फिल्टर नको. मागचा फोटो नसेल तर मी उत्तर देत नाही.

२०. कापड जुनं, जर जुनी, पण काम नवं वाटतं. असं होऊ शकतं का?

होतं, आणि सर्वात कठीण प्रकार हाच. जुन्या कोटाची बनात कापायची, जुन्या पट्ट्याची जर उसवायची आणि नवा बिल्ला भरायचा. सामानाच्या सगळ्या चाचण्या त्यात पास होतात. दोन ठिकाणी तो अडकतो. उसवलेल्या तारेला पूर्वीच्या वळणांच्या मोडी असतात. नव्या नक्षीच्या वळणांशी त्या जुळत नाहीत, आणि भिंगाखाली सरळ रेघेतही तार मधेच कोन करते. दुसरं, झीज. बनात फिकी होताना वर जर असेल तर तिच्याखालचा रंग टिकतो. सुटलेल्या दबक्याखाली डोकावा: तिथली बनात आजूबाजूइतकीच फिकी असेल, तर कापड आधी विटलं आणि नक्षी नंतर आली.

जुन्या बिल्ल्याची प्रामाणिक दुरुस्ती यापेक्षा वेगळी. तिथं मूळ काम बहुतेक ठिकाणी शाबूत असतं आणि नवे टाके कोपऱ्यात वेगळे कळतात. तसा बिल्ला घ्यावा, दुरुस्ती सांगून विकावा, आणि भाव त्याप्रमाणं कमी करावा.